गंज काढल्यावर काय उरतं?

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



कार्यकारिणीने मला सांगितलं की विषय कोणताही घ्या, पण ऐकणाऱ्याला घरी जाऊन काही करता आलं पाहिजे. ज्या लखनौत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली मॅरिस म्युझिक कॉलेज उभं राहिलं, तिथे मी संगीतावर बोलणं म्हणजे धाडसच. साहित्यावर बोलणारे माझ्याहून जाणकार इथे बसलेले आहेत. मी डिप्लोमा केलेला मेकॅनिकलचा माणूस. माझी नोकरी रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीत गेली आणि अजून चालू आहे. तिथे ज्याच्याशी रोज गाठ पडते, तोच विषय घेऊन आलो आहे. विषय आहे गंज.

आपल्या प्रत्येकाच्या घरात गंजलेली एखादी तरी वस्तू आहे. गावाहून पुष्पक एक्सप्रेसने आणलेली विळी, आजीचा अडकित्ता, बिडाचा तवा, मुलाची सायकल, हत्यारांच्या डब्यातली पक्कड आणि पाने, बाल्कनीच्या कठड्याचे बोल्ट. आणि आपल्या मंडळाच्या मखराच्या सांगाड्याचे नटबोल्ट. ते अकरा महिने गोणीत झोपतात आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री उठायला तयार नसतात!

आधी गंज म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज तयार होतो. तिघांपैकी एकालाही दूर ठेवलं, तर गंज थांबतो. मुंबई-कोकणातल्या मंडळींना खारी हवा माहीत आहे. मीठ या कामाला फार वेग देतं. लखनौला समुद्र नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण इथे दोन ऋतू लोखंडाचे वैरी आहेत. एक पावसाळा आणि दुसरा डिसेंबर-जानेवारीतलं धुकं. धुक्याच्या रात्री थंड लोखंडावर दंव धरतं. आपल्याला ते दिसत नाही, पण सकाळी सायकलच्या रिमवर तांबूस ठिपके दिसतात ते त्याचेच.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गंज हा लोखंडावर बसलेला मळ नाही. मळ बाहेरून येतो, धुतला की वस्तू होती तशी मिळते. गंज हे त्या वस्तूचंच लोखंड असतं. तो फुगून जागा मात्र जास्त व्यापतो; मूळ लोखंडाच्या दुप्पट, कधी त्याहूनही पुष्कळ जास्त. म्हणून गंजलेली वस्तू जाड आणि भरीव दिसते. प्रत्यक्षात आतलं लोखंड कमी झालेलं असतं. आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे. गंज काढायचा तो वस्तू चमकावी म्हणून नव्हे. आत किती लोखंड उरलं आहे, ते दिसावं म्हणून काढायचा.

आमच्या कारखान्यात हेच चालतं. डबा ठरावीक मुदतीने पूर्ण दुरुस्तीला येतो, त्याला आम्ही पीओएच म्हणतो. जुन्या आयसीएफ पद्धतीच्या डब्यात गंजाच्या जागा ठरलेल्या असतात: संडासाजवळचा भाग, दरवाज्याखालचा भाग, जमिनीखालचा पत्रा आणि सोलबार, म्हणजे डब्याच्या दोन्ही बाजूंनी खालून जाणारी लांब तुळई. वरून रंग छान असतो. पण हातोडीने ठोकून पाहिलं की चांगलं लोखंड टणत्कार देतं आणि कुजलेलं भद्द वाजतं. मग तिथला रंग आणि गंज खरवडून काढतात. त्यानंतरच ठरतं की नुसता रंग पुरे, तुकडा जोडायचा की पत्रा पूर्ण बदलायचा. बोगीचे भागसुद्धा आधी धुऊन लख्ख करतात आणि मग त्यांत चीर आहे का ते पाहतात. गंजाखालची चीर भल्याभल्यांना दिसत नाही.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली अहवाल दिला. त्यात जुन्या डब्यांऐवजी एलएचबी डब्यांकडे वळावं अशी शिफारस होती. त्या डब्यांचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा असल्यामुळे तो गंजाला पुष्कळ दाद देत नाही. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्यात जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा २०१८ साली बनला. पूर्वी संडासाचं पाणी रुळांवर पडायचं आणि रूळ व त्यांना धरून ठेवणारे भाग त्याने गंजायचे. बायो-टॉयलेट आल्यापासून तो त्रास कमी झाला. एवढ्या मोठ्या यंत्रणेला गंजापायी आपली रचनाच बदलावी लागली. मग आपल्या घरातल्या कडीकोयंड्याचं काय घेऊन बसलात!

आता भगिनीवर्ग ज्याची वाट पाहत आहे तिकडे वळतो: घरातल्या वस्तूंनी गंज कसा काढायचा?

आपल्या आज्या चिंचेच्या कोळाने भांडी घासत. त्यात शास्त्र आहे. आंबट पदार्थात आम्ल असतं आणि आम्ल गंज विरघळवतं. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक, व्हिनेगरमध्ये म्हणजे इथल्या सिरक्यात ॲसेटिक. विळीच्या पात्यावरच्या हलक्या गंजाला अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ पुरतं. मीठ खरखरीत असल्यामुळे घासायला मदत होते. पण काम झालं की मीठ पूर्ण धुऊन टाका, नाहीतर तेच मीठ उद्या नवा गंज बोलावेल.

गंज जुना आणि जाड असेल तर मी लिंबूसत्व वापरतो. इथल्या किराणा दुकानात ‘टाटरी’ किंवा ‘नींबू का सत’ म्हणून मागा आणि पाकिटावर सायट्रिक ॲसिड लिहिलं आहे एवढं पाहून घ्या. आता कृती सांगतो. वहिनींनी पाककृतीसारखी लिहून घ्यायला हरकत नाही.

पहिलं काम, वस्तूवरचं तेल आणि वंगण साबणाच्या गरम पाण्याने धुऊन काढा. तेलकट जागी आम्ल पोचत नाही. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने झाडून टाका.

दुसरं, प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, म्हणजे पोह्याचे साधारण चार सपाट चमचे. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा जस्ताची बादली घेऊ नका, आम्ल त्यांनाही खातं. वस्तू पूर्ण बुडाली पाहिजे. अर्धवट बुडाली तर पाण्याच्या रेषेवर डाग पडतो.

तिसरं, दर तासाला बाहेर काढून नारळाच्या शेंडीने किंवा जुन्या टूथब्रशने घासा. हलका गंज तासा-दोन तासांत जातो, जाड गंजाला रात्र लागते. सिरक्यात हेच काम एक दिवस घेतं. काळसर राखाडी रंग आला आणि तांबूस काही उरलं नाही की थांबायचं. गंज संपल्यावर आम्ल लोखंडाकडे वळतं. स्वच्छ लोखंडावरून बारीक बुडबुडे येताना दिसतात ते त्याचंच लक्षण. विसरून दोन दिवस ठेवलं तर वस्तूच झिजेल.

चौथं, साध्या पाण्याने धुऊन मग खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा. लिटरला एक-दोन चमचे पुरे. कानाकोपऱ्यात उरलेलं आम्ल त्याने मरतं. परत स्वच्छ पाण्याने धुवा. शेवटचं पाणी कढत असेल तर उत्तम, वस्तू तापते आणि आपोआप कोरडी होते.

पाचवं, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. उघडं पडलेलं ओलं लोखंड चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा तांबूस होतं. म्हणून फडक्याने टिपा, उन्हात किंवा मंद आचेवर पूर्ण वाळवा आणि कोमट असतानाच तेलाचा हात फिरवा. विळी-अडकित्त्याला खोबरेल चालेल, ते मात्र अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. हत्यारांना मशीनचं तेल किंवा ग्रीस. कठड्याला आणि खिडकीच्या गजांना आधी रेड ऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर आणि त्यावर रंग. गंज काढण्यात गेलेला सगळा वेळ या शेवटच्या पंधरा मिनिटांवर अवलंबून असतो.

आपण उसाच्या प्रदेशात राहतो, म्हणून आणखी एक उपाय सांगतो. साखर कारखान्यातला शिरा, म्हणजे मोलॅसिस, एक भाग आणि पाणी नऊ भाग, यात गंजलेला भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवतात. जुन्या मोटारी दुरुस्त करणारे हौशी लोक हे करतात. वास येतो आणि फेस धरतो, त्यामुळे फ्लॅटच्या बाल्कनीत करायचं असेल तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले हवेत! पण चांगल्या लोखंडाला यात इजा कमी होते.

बालमित्र विचारतीलच, म्हणून सांगतो: कोल्ड्रिंकने गंज जातो हे खरं आहे. काळ्या कोलात थोडं फॉस्फरिक आम्ल असतं. पण ते फार थोडं आणि साखर भरपूर. दहा रुपयांच्या लिंबूसत्वाचं काम शंभर रुपयांच्या कोलाने करण्यात शहाणपण नाही.

आता जिथे हे करायचं नाही, ते सांगतो. पहिलं म्हणजे संडास साफ करायचं ॲसिड. त्याने गंज झटक्यात जातो, पण ते लोखंडही झटक्यात खातं. त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला वाईट आणि त्याच खोलीतली दुसरी हत्यारं त्या वाफेने गंजतात. ते ब्लीचिंग पावडरमध्ये किंवा ब्लीचच्या द्रावणात मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. तो जीवघेणा आहे. लिंबूसत्व आणि सिरकासुद्धा ब्लीचजवळ नेऊ नका.

दुसरं, जस्ताचा मुलामा असलेले पत्रे आणि बोल्ट आम्लात टाकू नका. गंजाच्या आधी मुलामा जाईल. तिसरं, स्प्रिंग आणि फार कडक पोलादाचे भाग. आम्लामुळे निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होऊन ताणाखाली अचानक तुटू शकतं. सायकलची साखळीही आम्लात नको, ती डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि तेल द्या. कुलपात खायचं तेल घालू नका. ते काही महिन्यांत चिकट होऊन कुलूप अधिकच अडतं. पेन्सिलच्या शिशाची पूड घाला.

चौथं, बिडाच्या तव्यावरचा काळा थर. तो गंज नाही आणि मळही नाही. तेल तापून तापून लोखंडावर घट्ट बसलेला तो लेप आहे. नवी सून तो घासून लख्ख करते आणि दुसऱ्या दिवशी धिरडं चिकटतं, तवाही गंजतो. तांबूस ठिपके असतील तेवढेच घासा, तवा तापवा, तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चारदा केलं की थर परत धरतो. जवसाचं तेल यासाठी चांगलं.

हा थर काय करतो याचा मोठा दाखला दिल्लीत मेहरौलीला उभा आहे. तिथला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षांचा, सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड आहे. तो का गंजला नाही, याचा अभ्यास आपल्या शेजारच्या कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. बालसुब्रमणियम यांनी केला. जुन्या पद्धतीने गाळलेल्या त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ घट्ट थर तयार झाला आणि त्यानेच आतलं लोखंड राखलं. म्हणजे तो स्तंभ कधीच गंजला नाही असं नाही. त्याचं जे थोडं गंजलं ते अंगाला घट्ट चिकटून राहिलं आणि बाकीच्याचं रक्षण केलं. पापुद्रे सुटणारा गंज खातो, घट्ट बसलेला थर राखतो. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे त्यावरून ठरवा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याच वस्तीतल्या एका काकूंकडे गावाहून आणलेला झोपाळा आहे. शिसवी फळी आणि लोखंडी कड्यांच्या साखळ्या. बरीच वर्षं तो माळ्यावर होता. नातवंडं सुट्टीला येणार म्हणून काकूंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "अरे, तू रेल्वेवाला ना? या साखळ्या जरा चकचकीत करून दे. मी स्वतः रंग देणार होते, पण म्हटलं आधी तुला विचारावं."

मी म्हटलं, "काकू, रंग नंतर. आधी दोन दिवस साखळ्या माझ्याकडे राहू द्या."

साखळ्या लिंबूसत्वात टाकल्या. वरून प्रत्येक कडी जाडजूड दिसत होती. गंज निघाल्यावर व्हर्नियरने मापं घेतली. कडीची सळई मधल्या भागात ८ मिलिमीटर होती. पण जिथे कडीत कडी अडकते, तिथे दोन-तीन कड्यांत ४ मिलिमीटरच उरली होती. बाकीची जागा गंजाने भरून काढली होती. जाडी निम्मी झाली तर ताकदही निम्मी होईल असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते. जाडी निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होतं. त्यात गंजाने पाडलेले खड्डे, तिथूनच चीर सुरू होते. आणि झोपाळ्याचा भार कधी स्थिर नसतो. चार मुलं बसून झोके घेतात तेव्हा साखळीवर नुसत्या वजनापेक्षा जास्त ताण येतो.

मी काकूंना त्या कड्या हातात दिल्या. वीस वर्षं डब्यांच्या कड्या आणि पिना पाहिलेल्या माणसालाही गंज असताना ते कळलं नसतं, हेही सांगितलं. साखळ्या सासूबाईंच्या वेळच्या. काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "फळी चालेल ना?" म्हटलं, "फळीला काही झालेलं नाही." "मग झालं तर," त्या म्हणाल्या. नव्या साखळ्या आणल्या. छतातला आकडा तपासला, त्याच्याभोवतीचं प्लॅस्टर भेगाळलेलं होतं, म्हणून तोही बदलला. जुन्या साखळ्या वाळवून, तेल देऊन काकूंनी तुळशीवृंदावनाभोवती लावल्या आहेत. वजन पेलण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं, घरातली जागा मात्र राहिली.

रंगाचा एक हात दिला असता तर तो झोपाळा सुंदर दिसला असता. मला भीती वाटते ती त्या सुंदर दिसण्याची. म्हणून ज्या लोखंडावर कुणाचा जीव टांगलेला आहे, त्याच्या गंजावर रंग फासू नका. छताच्या पंख्याचा आकडा, झोपाळ्याची कडी, बाल्कनीचा कठडा, जिन्याचे गज, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, शिडी. तिथला गंज काढा, पाहा, मापा. खड्डे पडलेले असतील, चीर दिसली किंवा जाडी थोडी जरी कमी झाली असेल, तर बदला. शंका आली तरी बदला. आकड्याभोवतीच्या सिमेंटला भेग पडली असेल तर आत सळई फुगते आहे असं समजा आणि जाणकाराला दाखवा. घरगुती उपाय तिथे संपतात.

जाता जाता गंज आणि धनुर्वाताविषयी. धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो. पण गंजलेल्या खिळ्याला माती असते आणि जखम खोल होते. म्हणून हे काम हातमोजे घालून करा आणि खिळा लागलाच तर डॉक्टरांकडे जा.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपलं विसर्जन भाद्रपदात, म्हणजे पावसातच होतं. सांगाडा भिजतो आणि आपण थकलेले असल्यामुळे तसाच गोणीत भरतो. यंदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दोन तास काढा. सांगाडा पुसायचा, वाळवायचा. साध्या नटबोल्टना लिंबूसत्वाची आंघोळ, मुलाम्याच्या बोल्टना नुसतं फडकं. मग तेलाचा हात देऊन सगळं झाकणाच्या कोरड्या डब्यात. झिजलेले आटे आणि वाकलेले बोल्ट बाजूला काढून नवे घ्यायचे. त्या सांगाड्याखाली आपलीच मुलं आरतीला उभी असतात. लिंबूसत्व, ब्रश आणि व्हर्नियर मी आणीन. पन्हं करायला सांगून ठेवलंत तर लिंबूसत्व वेगळ्या पातेल्यात ठेवू!